मळवून घेतलेले घर

तोकिवा-सो ही टोकियोच्या तोशिमा वॉर्डातली एक दुमजली लाकडी इमारत होती. ती १९५२च्या अखेरीस बांधून झाली आणि १९८२ साली पाडली गेली. खोल्या भाड्याने द्यायच्या आणि महिन्याला भाडे वसूल करायचे, यापलीकडे तिच्याकडून कोणाची काही अपेक्षा नव्हती. परंतु १९५३पासून पुढची आठ-नऊ वर्षे तिच्या वरच्या मजल्यावर असे काही भाडेकरू येत गेले, की जपानी चित्रकथेचा, म्हणजे मांगाचा, इतिहास लिहू पाहणाऱ्याला आता या इमारतीचा जिना चढल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. पाडापाडीनंतर जवळजवळ अडतीस वर्षांनी, ७ जुलै २०२० रोजी, वॉर्डाने तीच इमारत जवळच्या एका बागेत पुन्हा उभी करून तिचे संग्रहालय केले. मूळ इमारत नवी होती आणि राहून राहून जुनी झाली. ही दुसरी पहिल्या दिवसापासूनच जुनी आहे.

हे जुनेपण आपोआप आलेले नाही, ते करून घेतलेले आहे. बाहेरच्या भिंतींवर पावसाने ओघळ उतरल्याचे डाग आहेत, लाकडाला वर्षानुवर्षे हात लागून यावी तशी काळपट झाक आहे, आणि हे सगळे कारागिरांनी जुनी छायाचित्रे समोर ठेवून रंगवले आहे. रंगाऱ्याला सहसा बजावून सांगावे लागते की डाग दिसता कामा नये. इथे डाग दिसला नसता तर काम पुन्हा करून घेतले असते. सरकारी इमारती लवकर जुन्या दिसू लागतात हा अनुभव जगभरचा आहे. फरक इतकाच, की इतर ठिकाणी त्यासाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद करावी लागत नाही.

मूळ इमारतीची रचना साधी होती. मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या. जपानात खोलीचे माप तातामी नावाच्या चटयांत सांगतात, आणि तोकिवा-सोची खोली साडेचार चटयांची होती, म्हणजे साधारण नऊ फूट बाय नऊ फूट. मुंबईच्या चाळीतली दहा बाय दहाची खोली तिच्यापुढे दिवाणखाना वाटावी. या नऊ फुटांत माणूस, अंथरूण, लिहायचे मेज, शाईच्या बाटल्या, रद्दी आणि पान कधी मिळणार म्हणून ठाण मांडून बसलेला संपादक, एवढे सगळे मावावे लागे. संडास सामायिक, स्वयंपाकघर सामायिक, आंघोळीची सोय नाही. त्यासाठी सार्वजनिक स्नानगृहात पैसे मोजून जायचे. भाडे महिन्याला ३,००० येन. शिवाय सुरुवातीला ३०,००० येन अनामत आणि आणखी ३०,००० येन, जे मालकाच्या खिशात गेले की पुन्हा दिसत नसत. पागडी हा प्रकार केवळ गिरगाव-दादरचा शोध नव्हे, एवढे यावरून कळते. नुकताच पदवीधर झालेला तरुण त्या काळी महिन्याला दहा-बारा हजार येन मिळवी. हप्त्याहप्त्याने छापून येणाऱ्या चित्रकथेच्या मानधनावर जगणाऱ्याला तेवढीही खात्री नसे.

संग्रहालयाला बाहेरूनच सुरुवात होते. दाराशी सार्वजनिक टेलिफोनचा जुना बूथ उभा आहे. भाडेकरूंच्या खोल्यांत फोन नव्हते, त्यामुळे संपादकाला आपण काम संपवत आणले आहे असे सांगायचे असेल तर बाहेर येऊन पैसे खर्च करून सांगावे लागे. थाप मारायलाही पदरमोड करावी लागण्याच्या त्या काळात संपादकांना निदान थापांची संख्या तरी मर्यादित ठेवता येत असावी.

आत शिरताच पायातले काढावे लागते. जपानात याचे नवल नाही, पण संग्रहालयात आहे. मोठमोठ्या कलादालनांत माणूस बूट वाजवत फिरतो आणि त्या आवाजाने त्याला आपण जाणकार असल्यासारखे वाटू लागते. इथे तो मोज्यांवर येतो आणि एकाचा अंगठा बाहेर डोकावत असतो. समोर जिना आहे, आणि तो कुरकुरतो. मूळ जिना कुरकुरायचा म्हणून हाही मुद्दाम कुरकुरता केलेला आहे. सुताराने जन्मभर जो आवाज येऊ नये म्हणून पाचरी ठोकल्या, तोच आवाज आणून दाखवण्याचे काम त्याला इथे मिळाले. चढणाऱ्यांपैकी बरेच जण एका पायरीवर थांबून पुन्हा पाय दाबून पाहतात. आवाज आला की समाधानाने पुढे जातात.

वर पोचल्यावर प्रदर्शनातली पहिली महत्त्वाची वस्तू म्हणजे संडास. तो हुबेहूब आहे, काळजीपूर्वक मळवलेला आहे आणि वापरण्यासाठी नाही. ज्यांना खरोखरच जायचे आहे त्यांच्यासाठी आजच्या पद्धतीची वेगळी सोय आहे. तिथे मात्र कोणी कॅमेरा काढत नाही.

त्याच्या जवळचे स्वयंपाकघर हे या संग्रहालयाचे गर्भगृह मानायला हरकत नाही. लांबट सिंक, काळवंडलेल्या गॅसच्या शेगड्या, किटली, धुवायची राहून गेलेली भांडी, कोपऱ्यात रिकाम्या बाटल्या. प्रत्येक भांड्यावरचा खरकटा थर हा कोणीतरी बसून लावलेला आहे. तेलाचा ओशटपणा भिंतीवर कुठपर्यंत चढला असेल, नळाखालचा भाग किती पिवळा पडला असेल, याचा विचार झालेला आहे. घराघरांत जे दृश्य पाहून आई मुलाच्या नावाने शंख करते, त्या दृश्यापुढे इथे तीच आई मुलाला उभे करून फोटो काढते. सफाई कर्मचाऱ्याची परिस्थिती आणखी नाजूक असणार. धूळ पुसायची, पण प्रदर्शनातली धूळ पुसायची नाही. खरी कोणती आणि कलात्मक कोणती हे ओळखण्यावर त्याची नोकरी अवलंबून.

या सिंकला इतिहासात स्थान आहे ते मात्र भांड्यांमुळे नव्हे. शोतारो इशिनोमोरी आणि फुजिओ आकात्सुका हे दोघे चित्रकथाकार मित्र रात्री उशिरापर्यंत काम करत. स्नानगृहाची वेळ टळून जाई, किंवा वेळ असली तर पैसे नसत. अशा वेळी सिंकमध्ये बसून अंग धुण्याचा उपाय सापडला. सिंक खोल होते आणि माणसे बारीक होती. त्याच सिंकमध्ये सकाळी बाकीचे भाडेकरू तांदूळ धूत असतील, हा तपशील आठवणी सांगणारे शक्यतो वगळतात.

स्वयंपाकघर ओलांडले की बोळ लागतो आणि खोल्या सुरू होतात. इथून पुढे इतिहास दारांवरच्या क्रमांकांनी जातो.

१४ क्रमांकाची खोली ओसामु तेझुका यांची. १९२८ साली जन्मलेले तेझुका वैद्यकीचे शिक्षण घेऊन परवानाधारक डॉक्टर झाले आणि रोग्यांच्या सुदैवाने किंवा दुर्दैवाने त्यांनी चित्रेच काढली. ‘मांगा शोनेन’ या मुलांच्या मासिकात त्यांची जंगलाच्या राजाची दीर्घ कथा चालू होती. त्या मासिकाच्या मंडळींनीच १९५३च्या सुरुवातीला त्यांना तोकिवा-सोत आणून बसवले. लेखक एका जागी असला की सापडतो, हा त्यामागचा व्यवहार. पण तो एका संपादकाला सापडला की सगळ्यांनाच सापडतो, हे त्यांच्या लक्षात आले नसावे. तेझुका एकाच वेळी अनेक मासिकांना कथा देत, आणि प्रत्येक मासिकाचा माणूस आपले पान आधी हवे म्हणून तिथेच मुक्काम ठोकी. खोलीत एक जण, दारात दुसरा, बोळात तिसरा. एखादा गाफील राहिला की तेझुका चित्रपट पाहायला सटकत. तरुण चित्रकारांना ते सांगतही की नुसत्या चित्रकथा वाचू नका, चांगले चित्रपट पाहा, संगीत ऐका. हा उपदेश त्यांनी स्वतः किती मनोभावे पाळला याचे साक्षीदार बोळात ताटकळत असत.

१९५४ साली एका मोठ्या साप्ताहिकाने तेझुकांच्या कमाईवर लेख छापला. आकडा होता वीस लाख येन. साडेचार चटयांच्या खोलीत, सामायिक संडासाच्या इमारतीत राहणारा लक्षाधीश, ही बातमी वाचून वाचक चकित झाले. शेजारी किती झाले याची नोंद नाही. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात तेझुका इथून हलले. म्हणजे ज्यांच्या नावाने ही वास्तू सर्वांत आधी ओळखली जाते, ते पुरती दोन वर्षेही इथे राहिले नाहीत. ज्यांनी वर्षानुवर्षे इमाने इतबारे इथे भाडे भरले त्यांच्या वाट्याला यातली किती कीर्ती आली, हा प्रश्न खाली तळमजल्यावर गेल्यावर पुन्हा निघेल.

जाताना तेझुकांनी दोन गोष्टी मागे ठेवल्या, मेज आणि मालकाकडची ३०,००० येनची अनामत. दोन्ही पुढच्या भाडेकरूंसाठी. हे भाडेकरू म्हणजे हिरोशी फुजिमोतो आणि मोतोओ आबिको, तोयामा प्रांतातल्या ताकाओका गावचे शाळासोबती. दोघे मिळून ‘फुजिको फुजिओ’ या एकाच नावाने चित्रकथा काढत. टोकियोत येऊन त्यांना काही महिनेच झाले होते आणि ते र्‍योगोकु भागात ओळखीच्यांच्या घरी दोन चटयांच्या खोलीत राहत होते. दोन चटया म्हणजे सहा फूट बाय सहा फूट. तिथून साडेचार चटयांत येणे म्हणजे त्यांच्या लेखी वाड्यात राहायला येणे होते. ज्याची पाने शाळेत असताना भक्तिभावाने पाहिली त्याच्याच मेजावर आता काम करायचे, हा भाग निराळाच.

देवाचे मेज मिळाले म्हणून देवाची गती मिळत नाही, हे त्यांना लवकरच कळले. १९५५च्या नव्या वर्षाला दोघे गावी गेले. जाण्यापूर्वी त्यांनी जो जो संपादक भेटेल त्याला हो म्हटले होते. घरचे जेवण, घरचे अंथरूण, आणि समोर अर्धा डझन मालिकांची कोरी पाने. हात चालेनात. टोकियोहून तारा येऊ लागल्या. आधी पाने पाठवा अशा, मग पाठवू नका अशा. दुसऱ्या प्रकारची तार स्वस्त पडते, कारण ती एकदाच करावी लागते. परत आल्यावर पुढचे बरेच महिने त्यांच्या हाती फारसे काम नव्हते. आळसाची एवढी जबर शिक्षा भोगलेल्या या जोडीपैकी फुजिमोतोंनी पुढे एका आळशी शाळकरी मुलाची आणि त्याला संकटांतून सोडवणाऱ्या निळ्या यंत्रमांजराची गोष्ट रचली. १९७०च्या जानेवारी अंकांपासून सुरू झालेला तो ‘डोरेमॉन’ आज महाराष्ट्रातल्या घरांत हिंदीतून बोलतो, आणि मराठी मुलांचे हिंदी शाळेपेक्षा त्याच्यामुळेच आधी सुधारते, असे पुष्कळ पालक जरा तक्रारीच्या सुरात सांगतात. ‘निंजा हातोरी’ हा त्याच वाहिन्यांवरचा दुसरा पाहुणा आबिकोंचा. दोघांचे मूळ पत्ते एकाच बोळातले.

२२ क्रमांकाची खोली हिरोओ तेरादा यांची. १९५३च्या शेवटच्या दिवशी ते इथे आले. वयाने बाकीच्यांहून दोन-चार-सात वर्षांनी मोठे, बेसबॉल खेळलेले, व्यवस्थित. जिथे सगळेच अव्यवस्थित असतात तिथे एका व्यवस्थित माणसाला न मागता वडीलपण मिळते, तसे ते त्यांना मिळाले. १९५४ साली त्यांच्या पुढाकाराने ‘नवा मांगा पक्ष’ स्थापन झाला. नावात पक्ष असला तरी निवडणुका नव्हत्या; होत्या त्या बैठका. या बैठकांत तेरादांच्या खोलीत एक खास पेय मिळे. शोचू ही स्वस्त जपानी दारू, तिच्यात लिंबाच्या वासाचे गोड सोड्याचे पाणी मिसळायचे. सोबत परतलेली कोबी. पेय स्वस्त, कोबी त्याहून स्वस्त, आणि वादविवाद फुकट.

तोकिवा-सोत खोली रिकामी झाली की ती कोणालाही मिळत नसे. तेरादा आणि मंडळींनी निकष ठरवले होते. उमेदवाराची पाने ‘मांगा शोनेन’मध्ये नावाजली गेलेली असावीत, दुसऱ्याची मुदत टळू लागली तर मदतीला बसण्याइतका त्याचा हात तयार असावा, स्वभाव मिळूनमिसळून राहण्याचा असावा, आणि चांगली चित्रकथा काढायचीच अशी जिद्द असावी. जगात इतरत्र घरमालक भाडेकरूची ऐपत पाहतो. इथे भाडेकरूच नव्या भाडेकरूची रेघ पाहत आणि ऐपतीचा विषय निघत नसे, कारण तो निघाला असता तर मजला रिकामा करावा लागला असता. मुदत टळू लागल्यावर मदत करण्याचे कलम मात्र अत्यंत व्यवहारी होते. एकाचे पान अडले की बाकीचे येऊन काळे भाग भरत, पार्श्वभूमीतली घरे-झाडे काढत, चौकटी आखत. पहाटे संपादक पान घेऊन गेला की सगळे झोपत, आणि दुपारी उठून दुसऱ्याच्या पानाला लागत.

आकात्सुका १९५६ साली आले. त्यापूर्वी ते एका रसायनांच्या कारखान्यात कामाला होते. त्यांची पाने खपत नव्हती. इशिनोमोरी त्यांच्याहून लहान, त्याच वर्षी शाळा संपवून अठराव्या वर्षी आलेले, आणि त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तेव्हा आकात्सुका इशिनोमोरींना चित्रांत मदत करत आणि जेवण रांधत. एकदा निराश होऊन ते हे सगळे सोडून द्यावे म्हणाले, तेव्हा तेरादांनी त्यांना ५०,००० येन उसने दिले. म्हणजे सोळा महिन्यांहून अधिक भाडे. तेरादांनी आणखी एक गोष्ट दिली असे सांगतात, आणि ती पैशांहून टिकाऊ ठरली. तू एका कथेत इतके काही कोंबतोस की त्यातून माझ्या पाच कथा निघतील, असा सल्ला. पुढे एका मासिकाला दुसऱ्या कोणाची तरी पाने वेळेवर मिळाली नाहीत आणि इशिनोमोरींनी आकात्सुकांचे नाव सुचवले. १९५८ची ती विनोदी कथा गाजली. दुसऱ्याने चुकवलेल्या मुदतीवर आपले नशीब उघडणे हे तोकिवा-सोत भाग्याचे सर्वमान्य द्वार होते. १९६२ साली आकात्सुकांनी एकसारख्या दिसणाऱ्या सहा भावांची ‘ओसोमात्सु-कुन’ ही मालिका सुरू केली, आणि मग त्यांना हसण्यावारी नेणे कोणालाच परवडेना.

इशिनोमोरींची खोली वेगळीच होती. भाड्यापेक्षा आधी त्यांनी रेकॉर्ड वाजवण्याचे यंत्र घेतले, पुस्तके घेतली, छोटा चित्रपट कॅमेरा घेतला. मध्यरात्री भिंतीपलीकडे संगीत चालू राही. भिंती अशा की त्या फक्त दृश्य अडवत. याच माणसाने पुढे ‘सायबॉर्ग ००९’ आणि ‘कामेन रायडर’ दिले आणि आयुष्यभरात १,२८,०००हून अधिक पाने काढली. सर्वाधिक चित्रकथा-पानांचा जागतिक विक्रम त्यांच्या नावावर नोंदला गेला. ज्याच्याजवळ राहायला नऊ फूट जागा होती, त्याची पाने ठेवायला निदान एक इमारत हवी.

या सगळ्या मुलांत एक मुलगी होती. हिदेको मिझुनो, शिमोनोसेकीची. १९५८च्या वसंतात, अठराव्या वर्षी ती आली आणि सहा-सात महिने राहिली. एका मुलींच्या मासिकासाठी तिने, इशिनोमोरींनी आणि आकात्सुकांनी मिळून कथा काढायची होती, आणि तीन जणांनी एक पान काढायचे तर तिघे एका इमारतीत असलेले बरे, हा संपादकीय हिशेब. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून ‘यू माइया’ असे परदेशी वाटणारे टोपणनाव केले गेले. मुली-बायकांसाठीच्या चित्रकथा त्या काळी प्रामुख्याने पुरुषच काढत, आणि त्यांतल्या नायिका बऱ्याचशा रडण्याचे काम करत. मिझुनोंनी पुढे या प्रकाराला जे वळण लावले त्यात प्रेम होते, इतिहास होता, १९६९च्या ‘फायर!’मध्ये तर रॉक संगीतही होते. तोकिवा-सोतली त्यांची खोली संग्रहालयात आहे आणि ती आजूबाजूच्या खोल्यांपेक्षा नीटनेटकी दिसते. हेही बहुधा संशोधनातूनच ठरले असावे.

शिनिची सुझुकी हे नागासाकीचे. ते इथे थोडा काळ राहिले आणि १९५६ साली चलचित्रपटांकडे वळले. तरीही तोकिवा-सोतल्या माणसांपैकी त्यांचाच चेहरा सर्वांत जास्त वेळा छापला गेला असण्याचा संभव आहे. फुजिको फुजिओंच्या कथांत कुरळ्या केसांचा, चष्मेवाला, कायम नूडल्सचा वाडगा तोंडाला लावलेला एक गृहस्थ वेळी-अवेळी येऊन जातो. त्याचे नाव कोइके. पुढे सुझुकी ज्या घरी राहत होते त्या घरावर कोइके नावाची पाटी होती. चेहरा सुझुकींचा उचलला, नाव पाटीचे. बाजूच्या खोलीत राहणाऱ्यांपासून जपून राहावे, विशेषतः जेवताना, एवढाच याचा बोध.

भाडेकरू नसलेले पण इथेच सापडणारे लोकही होते. जिरो त्सुनोदा स्कूटरवरून येत. एकदा त्यांनी पक्षाला पत्र लिहून तक्रार केली की इथे चित्रकथेवर गंभीर चर्चा होत नाही, नुसता टवाळक्यांत वेळ जातो. तक्रार खोटी नव्हती. फक्त या मंडळींची टवाळकी आणि काम यांच्यामध्ये भिंत घातली असती, तर तीही तोकिवा-सोच्या इतर भिंतींइतकीच पातळ निघाली असती.

संग्रहालयातल्या काही खोल्यांत वस्तू मांडल्या आहेत. मेज, दिवा, शाई, रद्दी, अंथरूण. काहींत माहिती आहे. पाहणारे दारातून वाकून आत बघतात, आणि दोन-तीन माणसे एका दारात आली की बोळ तुंबतो. म्हणजे गर्दीचाही हुबेहूब अनुभव मिळतो. उद्घाटन मूळचे मार्च २०२०मध्ये व्हायचे होते. करोनामुळे ते पुढे गेले, आणि उघडल्यावर आधी वेळ ठरवून, अंतर राखून, मोजक्याच लोकांना आत घेतले जाऊ लागले. माणसे एकमेकांच्या अंगावर राहून, एकाच सिंकमध्ये न्हाऊन मोठी कशी झाली, हे पाहण्यासाठी प्रेक्षकांना एकमेकांपासून दूर उभे करण्यात आले.

आता तळमजला. मूळ इमारतीत खाली चारचौघांसारखे भाडेकरू राहत. ते सकाळी उठत, कामाला जात, रात्री झोपण्याचा प्रयत्न करत. वरच्या मजल्यावर रात्रभर गाणी, हसणे आणि संपादकांची ये-जा चालू असताना त्यांनी हे केले, ही थोर गोष्ट आहे. त्यांच्या खोल्या संग्रहालयात नाहीत. त्या जागी विशेष प्रदर्शनांचे दालन आणि चित्रकथा वाचत बसण्याची जागा आहे. वेळेवर भाडे भरून कोणाचे संग्रहालय होत नाही.

वरच्या मजल्यावरची मंडळी एकेक करून लग्ने, पैसा आणि मोठ्या जागा यांच्या मागे गेली. १९६२च्या सुमारास मांगाचे पर्व इथे संपले. इमारत मात्र आणखी वीस वर्षे उभी होती. तिची खरी प्रसिद्धी झाली ती आबिकोंच्या ‘मांगा मिची’ या १९७०पासून निघालेल्या आत्मचरित्रात्मक चित्रकथेमुळे. १९८१ साली जपानच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेने जुन्या भाडेकरूंवर कार्यक्रम केला. पाडण्याची वेळ आली तेव्हा तेझुकांनी छताच्या एका फळीवर चित्र काढून दिले. मग इमारत पडली. त्या वेळी जपानमध्ये जुन्या लाकडी भाडेघरांना कोणी वारसा म्हणत नसे; आगीचा धोका म्हणत. परिसरातल्या रहिवाशांना ही इमारत परत हवी असे वाटू लागले, पण ते वाटणे वॉर्डाच्या ठरावात उतरेपर्यंत बरीच वर्षे गेली.

पुनर्रचनेसाठी छायाचित्रे धुंडाळली गेली आणि हयात भाडेकरूंना विचारले गेले. यात एक गंमत आहे. साक्षीदार सगळे चित्रकथाकार. नाक लांब करणे, घाम उडवणे आणि दारिद्र्य दुप्पट दाखवणे हे त्यांचे पोटापाण्याचे काम. त्यांच्या आठवणींतून खोलीचे खरे माप काढणे म्हणजे व्यंगचित्रावरून पासपोर्टचा फोटो तयार करण्यासारखे. तरी ते जमलेले दिसते. निदान चूक दाखवू शकतील अशी माणसे आता फार थोडी उरली आहेत. तेरादा १९९२ साली गेले. त्यापूर्वी पुष्कळ वर्षे त्यांनी चित्रकथा काढणे सोडून दिले होते, कारण बदललेल्या मांगात त्यांचे मन रमेना. आबिको २०२२ साली गेले.

संग्रहालयाला पोचण्यासाठी ओएदो मार्गावरचे ओचियाई-मिनामी-नागासाकी हे भुयारी स्थानक सोयीचे. तिथून पाचेक मिनिटे चालावे लागते. सोमवारी बंद असते. मूळ जागा इथे नाही, काही मिनिटांवर आहे. तिथे आता कायद्याची पुस्तके काढणारी प्रकाशनसंस्था आहे आणि आवारात स्मारक म्हणून इमारतीची छोटी प्रतिकृती ठेवली आहे. म्हणजे खऱ्या जागी छोटी खोटी इमारत आणि खोट्या जागी मोठी. त्याच रस्त्यावर मात्सुबा नावाचे खानावळवजा चिनी उपाहारगृह आहे. तोकिवा-सोची मंडळी इथून रामेन मागवत. ‘मांगा मिची’त ते वाडगे इतक्या वेळा आणि इतक्या चवीने आले आहेत, की तिथे जाणारा गिऱ्हाईक पहिला घोट घेण्याआधीच समाधानी असतो. एका वाडग्याची जाहिरात करण्यासाठी कोणी दशकानुदशके पाने काढलेली नसतात, त्या मानाने मालकांनी भाव बेताचे ठेवले आहेत.

जवळच शिउन-सो नावाची जुनी भाड्याची इमारत आहे. आकात्सुकांनी तिथेही एक खोली कामासाठी घेतली होती. वॉर्डाच्या एका योजनेखाली तिथे होतकरू चित्रकथाकारांना खोली आणि भाड्यात निम्मी मदत दिली जाते. उमेदवारांच्या निवडीत तेरादांच्या निकषांची आठवण ठेवली जाते की नाही कोण जाणे, पण सिंकमध्ये अंघोळ करण्याचे कलम त्यात नसावे.

तेझुका तोकिवा-सोतून जिथे गेले ते नामिकी हाउस याच वॉर्डात झोशिगाया भागात आहे. ते कोणी पाडले नाही. लाकडी, दुमजली, त्याच काळातले, सरकारच्या वारसा नोंदीत असलेले. तिथले डाग खरे आहेत आणि जिना कुरकुरत असेल तर तो स्वतःहून. पण तिथे भाडेकरू राहतात, त्यामुळे आत जाता येत नाही.